हजेरीपटाबाहेरचा कामगार

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी स्फोट झाला, माणसे होरपळून मेली आणि मानपाडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. परंतु तेथील कंत्राटी कामगाराच्या नित्याच्या भयाची नोंद कोठे होते? उद्या काम मिळेल की नाही, या विवंचनेत त्याची झोप उडते. गळकी झडप दिसली तरी तो गप्प राहतो. यालाच म्हणे लवचीक रोजगार! २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी निश्चित मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, हे स्वागतार्हच. मात्र अकराव्या महिन्यात खंड पाडण्याची युक्ती मालकांना शिकवावी लागत नाही. दत्तोपंत ठेंगडी उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा, म्हणजे कामगाराच्या मालकीचा आग्रह धरीत. येथे त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावरही नाही.