तोंडी परीक्षा कोणाची?

फार्मसीच्या प्रवेशाला मुलाखत नाही. हे आधी कानात कोरून घ्या, मित्रांनो. बी. फार्म.ला सीईटीचे गुण, डी. फार्म.ला बारावीचे गुण, आणि त्यावरून लागणारी गुणवत्ता यादी. संपलं. २०१५ साली महाराष्ट्रानं विनाअनुदानित खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेशाचा आणि फीचा कायदा केला. त्या कायद्याखालचे नियम काढून बघा. संस्थेच्या पातळीवर भरायच्या जागासुद्धा गुणांच्या क्रमानंच भरायच्या. 'या, बसा, स्वतःबद्दल दोन शब्द सांगा' याला कुठंच एक गुण ठेवलेला नाही.

मग आमच्या चिखलीतली पोरं 'मुलाखतीची तयारी' म्हणून पैसे कशाचे भरतात?

मी डी. फार्म. झालेला माणूस. चिखलीत औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभा राहतो. संध्याकाळी विहारात बारावीच्या पोरापोरींना केमिस्ट्री सांगतो. त्यातल्या चौघी एका शिबिराला जाऊन आल्या. येताना झेरॉक्स घेऊन आल्या. पानभर सूचना. आवाज खालचा ठेवावा. फिक्या रंगाचा ड्रेस घालावा. गळ्यातलं लॉकेट आत सारावं. गाव विचारलं तर गाव सांगावं, वस्ती सांगू नये. बाप काय करतो असं विचारलं तर 'मजुरी' म्हणू नये, 'शेती व्यवसाय' म्हणावं. आंबेडकर जयंतीत भाग घेतल्याचं छंदामध्ये लिहू नये. त्याऐवजी 'वाचन' लिहावं.

वाचून डोकं सणकलं. पोरींना विचारलं, हे शिकवलं कोणी? तर आपल्यातलेच एक मोठे साहेब. रिटायर्ड. त्यांचं म्हणणं, 'भावनेत वाहू नका, जग कसं चालतं ते पाहा.'

साहेब, आम्ही जगच पाहत आलोय. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे आहात, आणि आमच्या पोरींनाही पाठ करून उभं राहायला शिकवताय. जी मुलाखत कायद्यात नाही तिची तयारी म्हणजे काय? ती लपण्याची तालीम आहे. बाप लपव, वस्ती लपव, निळा रंग लपव. एवढं लपवून जी जागा मिळेल तिथं चार वर्षं बसायचं कोणी? लपवलेल्या पोरीनं?

पण साहेबांचं एक म्हणणं खोटं नाही. नियमात मुलाखत नसली तरी आम्हाला प्रश्न विचारलेच जातात. खिडकीत विचारतात, ऑफिसात विचारतात, खोली भाड्यानं बघायला गेलं की घरमालकीण विचारते, 'तुम्ही कोन्त्या लोकातले?' आपली मुलाखत जन्मल्यापासून चालूच आहे. म्हणून सवाल असा की हे प्रश्न कशासाठी असतात, आणि कोणत्या प्रश्नाला आपण उत्तर देणं लागतो?

जुनं प्रकरण सांगतो. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात १९७९ साली प्रवेश झाले. लेखी परीक्षा १०० गुणांची, तोंडी ५० गुणांची. म्हणजे दीडशेतला तिसरा हिस्सा तोंडी. पोरं सुप्रीम कोर्टात गेली. त्यांची तक्रार काय होती? एकेकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत गुंडाळली, आणि प्रश्न विचारले ते आईबापाचे आणि राहण्याच्या ठिकाणाचे. विषयाचं काही नाही. अजय हसिया या नावानं ते प्रकरण ओळखलं जातं. १३ नोव्हेंबर १९८० रोजी न्यायमूर्ती भगवतींनी पाच जणांच्या घटनापीठाचा निकाल लिहिला. तोंडीला इतके गुण ठेवणं मनमानी आहे. प्रवेशाच्या बाबतीत १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. आणि जमलं तर मुलाखत टेपवर नोंदवून ठेवावी. म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टालासुद्धा कळलं होतं की बंद खोलीत दोन मिनिटांत माणसाचं काय मोजलं जातं. बापाचं नाव मोजलं जातं.

आणि आमचे साहेब त्याच मापाला पोरींना बसवून बघतात.

आता यातली खरी गोम ऐका. मागच्या एका हंगामात आमच्या वर्गातल्या एका पोरीला शासनाच्या कॅप फेरीत बी. फार्म.ची जागा लागली. गाव लांबचं. एसटी बदलत जायचं. घरात सोयाबीनचं निंदण चालू, हातात पैसा नाही, बापाच्या पोटात गोळा. तेवढ्यात फोन आला. 'जवळच्या कॉलेजात सीट आहे. ते कॅप-बिप सोडा. मुलाखतीला या, सिलेक्शन झालंच समजा.' पोरगी खूश. झेरॉक्सचं पान पाठ करायला बसली.

मी विचारलं, "बाई, जागा कोणत्या कोट्यातली?"

"संस्थेच्या कोट्यातली म्हणे, दादा. पन एकच तं हाय, डिग्री तेच भेटते."

डिग्री तीच भेटते. पण स्कॉलरशिप भेटत नाही. १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा आपल्या पोरांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर राज्याची फ्रीशिप. पण जागा शासनाच्या प्रवेश फेरीतून मिळालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की हा दरवाजा बंद. पुढची चार वर्षं फी बापाच्या उरावर. चार वर्षं! आणि हे त्या फोनवरच्या माणसानं सांगितलं नाही, शिबिरातल्या साहेबांनीही सांगितलं नाही. झेरॉक्सवर लॉकेट होतं, बूट होते, ड्रेसचा रंग होता. फीचा 'फ' नव्हता.

आम्ही चौघं तिच्यासोबत गेलो. पोरगी, तिचा बाप, मी आणि तिची एक मैत्रीण. आतल्या माणसानं विचारलं, 'फार्मसीच का?' पोरीनं उत्तर द्यायच्या आधी एक कागद पुढं केला. त्यावर एकच ओळ लिहिली होती: या जागेवर प्रवेश घेतल्यास मला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळेल काय, ते लेखी कळवावे. माणूस कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'असं लेखी कोणी मागत नाही.' बाप म्हणाला, "आमी मांगतो." लेखी मिळालं नाही. पोरीनं कॅपची जागा घेतली. लांबच्या गावी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही तर स्वाधार योजना आहे, तिचाही अर्ज भरून ठेवला.

याला म्हणतात मुलाखतीची तयारी.

दुसरी मुलाखत कागदाची. ती सगळ्यात मोठी. जात प्रमाणपत्र आहे, पण पडताळणी पाहिजे. २००० सालचा कायदा, १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू. त्याचं आठवं कलम सांगतं की जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. गावानं पिढ्यान् पिढ्या न विचारता ओळखलेली जात! विहिरीवर ओळखली, देवळाच्या पायरीवर ओळखली, लग्नाच्या पंगतीत ओळखली. पुरावा मागितला नाही कोणी. पण फार्मसीला जायचं म्हटलं की सिद्ध कर. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद आण. आजा शाळेतच गेला नाही, तर दाखला कुठून आणायचा? मग शोधा कोतवाल बुकाची नक्कल. आजाच्या जन्माची एक ओळ, आणि जातीच्या रकान्यात तो जुना शब्द. ज्या शब्दानं आज्याला गावाबाहेर ठेवलं, तोच शब्द नातवाला कॉलेजात नेतो. त्या शब्दासाठी तहसीलच्या खेट्या घालायच्या, आणि खिडकीतला माणूस वर म्हणणार, 'तुम्हाला काय, सगळं फुकट.'

फुकट? आमच्या बापाच्या बुडलेल्या मजुरीचे दिवस मोजा एकदा.

म्हणून अकरावीतच अर्ज टाका. निकालाची वाट बघत बसू नका. बारावीचं वर्ष संपेपर्यंत पडताळणी हातात पाहिजे. प्रत्येक कागदाची पोच घ्या. तारीख टाकून, शिक्का मारून. कोर्टानं १९८० मध्ये टेप लावायला सांगितलं. आपल्याकडे टेप नाही, पण पोच आहे. पोच म्हणजे गरिबाचा टेप.

तिसरी मुलाखत कॉलेजात गेल्यावर. प्रॅक्टिकलची व्हायवा. बी. फार्म.च्या सत्र परीक्षेत प्रॅक्टिकल ३५ गुणांचं, त्यातले ५ तोंडीचे. सातातला एक हिस्सा समोरच्याच्या मर्जीत. तिथं आडनाव ऐकून भुवई चढली तर काय कराल? मान खाली घालून पुटपुटाल? नाही. पॅरासिटॅमॉलनं ताप कसा उतरतो आणि जास्त झालं तर यकृत कसं जातं, हे सरळ सांगाल. क्षारसंजीवनीच्या पाण्यात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही का लागतात ते सांगाल. ज्ञानाला भुवई दिसत नाही. आणि एवढं सांगूनही गुण कापले, तर ते कापले हे चार जणांच्या देखत बोलाल.

आता 'कम्युनिकेशन स्किल' नावाच्या थोतांडाकडे येतो. अमेरिकेत फार्म. डी.च्या कॉलेजांत मुलाखत घेतात, हे शिबिरात ठासून सांगतात. घेतात ना! पण तिथं काय बघतात? पोरगं पेशंटशी कसं बोलेल, हे बघतात. आपल्याकडच्या फार्मसी कौन्सिलनंही २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिसचे नियम काढले आणि पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलं. मग मला सांगा, मेहकर रोडवरच्या खेड्यातून आलेली म्हातारी काउंटरवर उभी आहे, चिठ्ठी वाचता येत नाही, साखरेची आणि बीपीची गोळी एकाच रंगाची आहे. तिच्याशी कोणती भाषा बोलणार? "माय, हे गोयी जेवल्यावर घ्याची, अन् हे उपाशीपोटी. दोन्ही एकाच टायमाले नोको." हे जिला जमतं तिचं कम्युनिकेशन कच्चं, आणि इंग्रजीत तीन वाक्यं घोकून आला तो हुशार? कोणी ठरवलं हे? ज्याच्या घरी म्हातारीला कधी काउंटरवर उभं राहावं लागलं नाही, त्यानं.

औषधाच्या आणि आपल्या मधल्या अंतराचा इतिहास विसरू नका. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापलं गेलं होतं. बाबासाहेबांनी ते पुढं आपल्या आठवणींत घेतलं. बाळंतीण बायको गंभीर आजारी. डॉक्टरनं आधी दोन रुपये ठरवून घेतले. मग वस्तीच्या बाहेर आणायला लावली. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावला. परत येतानाही तोच रस्ता. डॉक्टरनं नाडीला हात लावला नाही. न्यूमोनिया सांगून निघून गेला. बाई मेली.

त्या थर्मामीटरच्या दुसऱ्या टोकाला आपली पोरगी उभी राहणार आहे. पांढरा कोट घालून. 'फार्मसीच का?' या प्रश्नाचं याहून मोठं उत्तर आहे का कोणाकडे? आणि हे उत्तर सोडून तिनं 'माय हॉबी इज रीडिंग' म्हणायचं?

शेवटची गोष्ट, घरातली, म्हणून जास्त कडू. कोर्स पूर्ण होतो, नोंदणी होते, आणि आपलीच पोरं सर्टिफिकेट भाड्यानं देतात. दुकानात फ्रेम लटकते आपल्या नावाची, गल्ल्यावर बसतो दुसराच. महिन्याचे चार पैसे येतात आणि पोरगा घरी झोपतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध द्यायचा हक्क नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला. आज्याच्या कोतवाल बुकापासून बापाच्या मोडलेल्या मजुरीपर्यंत सगळ्यांनी मिळून तो हक्क तुझ्या हातात आणून दिला, आणि तू तो खिळ्याला टांगून भाडं खातोस? नावापुरतं आत, अंगानं बाहेर. हेच तर त्यांना पाहिजे होतं.

म्हणून पोरापोरींनो, ते झेरॉक्सचं पान फाडा. विषयाचा प्रश्न आला तर पुस्तकातून उत्तर द्या. कायद्याचा प्रश्न आला तर कागद पुढं करा आणि पोच मागा. बापाचा, वस्तीचा, देवाचा प्रश्न आला तर विचारा, 'याला गुण किती?' गुण नसतील तर उत्तरही नाही. आणि स्वतःहून सांगावंसं वाटलं तर मान वर करून सांगा. बाप मजूर आहे. वस्ती भीमनगर आहे. लॉकेट बाहेर राहू द्या.

या हंगामाचे अर्ज सुरू झालेत. विहारात रोज संध्याकाळी सातला बसतो. येताना केमिस्ट्रीचं पुस्तक आणि आज्याचे कागद आणा. टाय नको.