रताळ्याची बिस्किटं

महाशिवरात्रीला गिर्ये येथील रामेश्वराचं दर्शन घेऊन आल्या, की आमच्या सासूबाई दिवसभर चहावरच राहतात. दात गेल्याने खिचडीतले दाणे चावत नाहीत. म्हणून यंदा नणंदेने मुंबईहून आणून दिलेल्या एअर फ्रायरमध्ये रताळ्याची बिस्किटं करायचं मनावर घेतलं.

पहिली खेप पार फसली. वरून लाल, आतून चामट! सासूबाईंनी तुकडा तोंडात घोळवला, हळूच बाहेर काढला आणि म्हणाल्या, "रताळी पाण्यात कित्याक उकडलंस? भाजूची असतत." वर्गात मुलांना बाष्पीभवन शिकवणारी मी! उकडलेलं रताळं पाणी धरतं, हे ध्यानातच आलं नाही.

पुढच्या एकादशीला रताळी सालासकट त्याच यंत्रात 180 अंशांवर अर्धा तास, मऊ होईतो भाजली. सोलून गरम असतानाच कुस्करावीत, रेषा काढाव्यात. वाटीभर गराला पाव वाटी तूप, तेवढाच चिरलेला गूळ, वेलची आणि मावेल तितकं राजगिऱ्याचं पीठ. पाणी मुळीच नको. पातळ थापून काट्याने टोचावीत. 160 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, मधे एकदा उलटून. गूळ लवकर करपतो, तेव्हा जागच्या हलू नका! आणि खाली कागद घातलात तर तो बिस्किटांखाली दबलेला हवा. मोकळा कागद आतल्या वाऱ्याने उडून तापल्या तारेला चिकटतो.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत ती लगेच सादळतात.

सासूबाईंनी दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. तिसरं मागितलं नाही. डबा मात्र हाताला येईल असा खालच्या फळीवर ठेवायला सांगितला.