वेड्या प्रियकराचं शहाणं गाणं

उरवडे गावातल्या हळदीत डीजेवाल्याने 'अश्विनी ये ना' लावलं, तर मांडवातलं कोणीही 'हे कुठलं जुनं काढलंस?' असं विचारणार नाही. १९८७ साली आलेल्या 'गंमत जंमत' चित्रपटातलं हे गाणं. त्यानंतर जन्मलेली पोरंही त्यावर नाचतात आणि त्यांचे चुलतेही. लग्नसराईतली बहुतेक गाणी दोन हंगामांत विरून जातात, मग हेच का टिकलं? त्याचं साधं उत्तर म्हणजे किशोर कुमार. पण ते पुरेसं नाही. मोठ्या गायकाच्या नावावर गाणं एकदा ऐकलं जातं. चाळीस वर्षं लोकांनी स्वतःच्या बेसूर गळ्यानं ते गात राहावं, एवढी ताकद नावात नसते. माझ्या मते या गाण्याने मराठी माणसाला प्रेम व्यक्त करण्याची एक तिसरी वाट मोकळी करून दिली आणि ती वाट अजून दुसऱ्या कोणाला फारशी सापडलेली नाही.

आधीच्या दोन वाटा आठवून पाहा. पहिली भावगीताची. 'शुक्रतारा मंद वारा' हे त्या वाटेवरचं अप्रतिम गाणं, पण त्यातला प्रियकर इतका संयत आणि सुसंस्कृत आहे की तो कधी ठेचकाळेल, असं वाटतच नाही. दुसरी वाट दादा कोंडके यांनी १९७१च्या 'सोंगाड्या'पासून गाजवली. तिथे हशा भरपूर, पण तो शब्दांच्या दुहेरी अर्थातून येतो आणि घरातल्या मोठ्यांसमोर गाताना अनेकांची जीभ अडखळते. 'अश्विनी ये ना'मध्ये द्व्यर्थ नाही आणि उदात्तपणाही नाही. एक माणूस नाव घेऊन हाका मारतो, विनवतो, लाडीगोडी लावतो आणि त्यात आपलं हसं होतंय याची पर्वा करत नाही. पडद्यावर तो माणूस म्हणजे चाळिशीला टेकलेला अशोक सराफ, देखण्या नायकाच्या साच्यात न बसणारा. ज्याला कविता जमत नाही आणि चावटपणाही करायचा नाही, अशा सामान्य प्रियकराला या गाण्यात आपला आवाज सापडतो.

हा वेडेपणा फार शहाण्या हातांनी रचलेला आहे. गीतकार शांताराम नांदगावकर, संगीतकार अरुण पौडवाल आणि गायिका अनुराधा पौडवाल ही तिन्ही नावं 'अष्टविनायक' चित्रपटातल्या 'प्रथम तुला वंदितो' या गंभीर गणेशवंदनेशीही जोडलेली आहेत. तिथे अरुण पौडवाल अनिल मोहिले यांच्या जोडीने संगीत देत होते आणि अनुराधाबाईंसोबत वसंतराव देशपांडे गात होते. भक्तिरस जाणणाऱ्या माणसांनी थट्टा करायला घेतली, तेव्हा त्यांनी चालीची थट्टा केली नाही. शब्द बाजूला ठेवून नुसती गुणगुणली, तरी ती चाल गोडच लागते. विनोद प्रियकराच्या अवस्थेत ठेवला, सुरांत ठेवला नाही. पंचावन्न ओलांडलेल्या किशोर कुमार यांनीही डोळा मिचकावल्यासारखं गायलेलं नाही. ते मनापासून आर्जव करतात, म्हणून हसू येतं आणि कणवही वाटते.

कोणी म्हणेल, हा सगळा हिंदी सिनेमाचा उसना थाट आहे, आणि आवाजही मराठी मातीतला नाही. थाटाबद्दल वाद नाही. पण स्वतःचं हसं करून घेत मनातलं खरं बोलणारा माणूस तमाशातल्या सोंगाड्याच्या रूपात मराठी प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. पडद्यावर अश्विनी झालेल्या चारुशीला साबळे या तर शाहीर साबळे यांच्या कन्या. लोककलेचा वारसा या गाण्याच्या घरातच होता. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: बाईच्या मागे लागणाऱ्या पुरुषाचं कौतुक कशाला? आक्षेप योग्य आहे, कारण अशी पुष्कळ गाणी आता कानाला खुपतात. मात्र हे युगुलगीत आहे. तिचा सूर त्याच्या सुरात मिसळतो, ती त्याच्या खेळातली भागीदार आहे. शिवाय इथे धमकी नाही, हक्क नाही. लहान होतो तो पुरुषच.

आज रीलसाठी मुद्दाम विचित्र गाणी पाडली जातात. त्यांत चमत्कारिक शब्द असतात, दणका असतो, पण चाल आठवत नाही आणि गाणाऱ्याला त्या प्रेमाचं काही पडलेलं दिसत नाही. वेडेपणाचं गाणं टिकवायचं असेल, तर बनवणाऱ्याने ते भजनाइतक्याच गांभीर्याने बांधायला हवं. 'अश्विनी ये ना' अजून मांडवात वाजतं, ते एवढ्यासाठी.