ग्रेस-भट मोजपट्टी आणि तीन अल्बम

नागपूरकराला कुठलीही गोष्ट मोजण्यासाठी बाहेरून माप आणावे लागू नये. उन्हाळा आम्ही कूलरच्या घरघरीवरून मोजतो, सावजी रस्सा कपाळावरच्या घामावरून. मग इंडी रॉकचे अल्बमच तेवढे परदेशी समीक्षकांप्रमाणे ‘दहापैकी साडेसात’ अशा गुणांनी का मोजावेत? आमच्या शहराजवळ स्वतःची मोजपट्टी आहे. तिच्या एका टोकाला ग्रेस, दुसऱ्या टोकाला सुरेश भट. ग्रेसांच्या कवितेत अर्थाच्या आधी भाव येऊन पोहोचतो. अर्थ पुष्कळदा वाटेतल्या एखाद्या स्टेशनावरच उतरून जातो. भटांचा शेर मात्र ठरल्या जागी, ठरल्या क्षणी येऊन आदळतो आणि सभागृह दाद देऊन मोकळे होते. (भट मूळचे अमरावतीचे, हे अमरावतीकरांनी कळवण्याची तसदी घेऊ नये. आम्हांस ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे सभागृह मात्र रेशीमबागेत आहे.)

या पट्टीवर आम्ही तीन अल्बम ठेवून पाहिले. तिन्ही दिल्लीकडचे आहेत, आणि ही गोष्ट पुढे आम्हांला टोचणार आहे.

‘द लोकल ट्रेन’चा ‘वाकिफ’ (२०१८) निःसंशय भटांच्या टोकाला बसतो. तो तिघांत जुना. पण वसतिगृहांतून जो अल्बम सर्वांना तोंडपाठ आहे, त्याला वगळून तुलना कसली? ‘खुदी’, ‘गुस्ताख’, ‘दिल नवाज’ ही नुसती शीर्षके वाचली तरी उर्दू गझलेची बैठक लक्षात येते. गिटारी विजेच्या असल्या, तरी गाण्याची कळ जुनीच आहे: ओळ वळसा घेऊन एका शब्दापाशी परत येते आणि तो शब्द गायकाच्या आधी श्रोताच उच्चारतो. ‘गझलेची बाराखडी’ गिरवलेल्याला हे ओळखीचे वाटेल. रदीफ म्हणजे तरी दुसरे काय? श्रोत्याला आधीच दिलेला वाटा. रमण नेगी २०२२ मध्ये या बँडमधून बाहेर पडला, तरी ती गाणी थांबली नाहीत. ती तोवर त्याची उरलीच नव्हती.

‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बेटा’ (२०२४) दुसऱ्या टोकाला. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. सूर्यकांत सोहनी इंग्रजीत गातो, पण त्याची इंग्रजी शब्द सोडत नाही, शब्दांवरून हात फिरवते. मागे ट्रम्पेट असते, मध्येच डिस्कोचा ठेका येतो, एखाद्या बंद पडलेल्या क्लबात रात्री उशिरा कुणी दिवा मालवायला विसरला असावा, तसे वातावरण. गाणे संपल्यावर ‘ते कशाबद्दल होते?’ असे कुणी विचारले, तर उत्तर देता येत नाही, आणि तरी आपण काहीतरी गमावून बसलो आहोत, एवढे नक्की कळते. ग्रेसांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) वाचून उठणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते. नावांचीही गंमत पाहा. माणिक गोडघाटे नावाच्या मराठी कवीने इंग्रजी नाव घेतले. इंग्रजीत गाणाऱ्या या मंडळींनी अल्बमला हिंदी नाव दिले. त्यात पुन्हा श्लेष आहे: बेटा म्हणजे मूल, आणि बेटा म्हणजे संगणकाच्या भाषेत अजून पुरते तयार न झालेले, चाचणीसाठी सोडलेले रूप. (नागपुरात ‘बेटा’चा तिसरा अर्थ आहे, तो भांडणाच्या सुरुवातीला येतो. तो बँडला ठाऊक नसावा.)

‘ब्लडीवुड’चा ‘न्यू डेली’ (२०२५) आमच्या पट्टीवर बसेना. तो मेटलचा अल्बम. काटेकोर मंडळी त्याला इंडी म्हणणारही नाहीत. ढोल आहे, गुरगुर आहे, रॅप आहे, ‘तडका’ नावाचे खास खाण्यावरचे गाणे आहे. सावजीच्या गावाने या गाण्याचा निकाल द्यायचा तर, तर्री भरपूर, खालचा रस्सा जरा पातळ. पण या बँडची खरी जात मारबतीची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांची सोंगे वाजतगाजत मिरवली जातात आणि मग जाळली जातात. ‘ब्लडीवुड’ची सुरुवातही लोकप्रिय गाण्यांची टर उडवणाऱ्या सोंगांनीच झाली. पुढे २०२२च्या ‘रक्षक’मध्ये छळ, नैराश्य, स्त्रियांवरचे अत्याचार असे विषय त्यांनी त्याच गोंगाटात मांडले. टर आणि कळकळ यांचे हे मिश्रण आपल्या समीक्षेला झेपत नाही. इतवारीतल्या गर्दीला ते शंभराहून अधिक वर्षे झेपत आले आहे.

आता मराठीच्या प्राध्यापकांचा आक्षेप. या गाण्यांचे शब्द कागदावर लिहून काढा, ते म्हणतील, काय उरते? खरे आहे, फार उरत नाही. ‘बेटा’मधील काही ओळी कागदावर अगदीच कोमेजतात. पण हा न्याय आपण ग्रेसांना लावला होता काय? पुस्तकात त्यांना दुर्बोध ठरवणारे वाचक हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत तेच शब्द विनातक्रार गुणगुणले. तेव्हा कुणी शब्दार्थाची टीप मागितली नाही. म्हणजे ध्वनीतून येणारा अर्थ आपल्याला कळतो. फक्त तो कळला, असे उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

याचा परिणाम मराठी अल्बमवर झाला, असे आमचे मत आहे. आपल्याकडे अल्बम कवितेपासून सुरू होतो. १९९८चा ‘गारवा’ घ्या, नाहीतर ‘आयुष्यावर बोलू काही’ घ्या. आधी कवी, मग चाल, आणि वाद्ये पाहुण्यांसारखी, पाय न पसरता बसलेली. त्यांत गोडवा आहे, आम्हीही त्यावर वाढलो. पण आवाजाच्या धक्क्यातून शब्द जन्माला यावा, तो अर्धवट, खरचटलेला असावा, हे त्या घरात चालत नाही. मराठीत गिटार-ड्रम्स आले तेव्हाही, ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडने शब्द संतांकडून घेतले. त्यांचे वाजवणे आम्हांला आवडते. तरीही प्रश्न राहतोच: आजच्या मुलाची आजची चिडचीड मराठीत कुणी गायची? नागपूरचा मुलगा तिच्यासाठी हिंदीकडे वळतो, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात ते वळण त्याला अवघडही जात नाही. दिल्लीचे टोचणे ते हेच.

हे अटळ नव्हते. अरुण कोलटकरांनी सत्तरच्या दशकात गाणी लिहिली आणि त्यांतली काही ध्वनिमुद्रितही केली. पण ती इंग्रजीत. सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांच्या त्या पिढीला प्रकाशकावाचून छापणे जमले होते. त्या पिढीच्या एका मोठ्या मराठी कवीला गाताना मात्र मराठी सुचली नाही, की तिच्यात अशा गाण्याला जागा दिसली नाही?

आणि तरी ‘इंडी’ या शब्दाचा मूळ अर्थ धरला, म्हणजे मोठ्या कंपनीवाचून, स्वतःच्या बळावर, तर नागपूरला दिल्लीकडे पाहण्याचे कारणच नाही. ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी फुकट वाटली, तेव्हा केवढे कौतुक झाले. ते योग्यच होते. पण दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी, पुढे सीडी विकल्या जात, त्यांच्यामागे कुठली बडी कंपनी होती? वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांतून पसरली ती तोंडातोंडी आणि जलशाजलशांतून. गिटारचे म्हणाल, तर मुंबईचा ‘धम्म विंग्ज’ हा बँड आंबेडकरी गाणी रॉकच्या साजात गातो. शब्द पुस्तकातून उसने आणावे लागत नाहीत, कारण ते गाणाऱ्याच्या घरातच बोलले जातात.

आमच्या पट्टीवर वामनदादा कुठे बसतात, हे ठरवताना आमच्यात तास-दीड तास वाद झाला. अर्थ थेट आदळतो, म्हणून भटांकडे, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे, त्यांना सभागृह लागत नाही, तेव्हा ही पट्टीच आखूड आहे. तिसऱ्याने तोवर ‘बेटा’ पुन्हा लावला होता.