फुकट ते पौष्टिक?



गेल्या खेपेला पापडखार झाला, या वेळी थेट तबेल्यात जाऊ. आपल्या मंडळातल्या चार-पाच मुली शनिवारी घोडेस्वारी शिकतात, आमचीही त्यांतलीच. न्यू जर्सीतला मार्चचा चिखल तुम्हाला ठाऊक आहेच. तबेल्याच्या फाटकाशी घोडे रुततात, म्हणून पालकांनी ठरवले की झाडे तोडणाऱ्यांकडून लाकडाच्या ढलप्या फुकट आणून पसरायच्या. ट्रक आलासुद्धा. "कुठल्या झाडांच्या?" मी विचारले. "सगळी मिसळ!" म्हणाला. मी ट्रक परत पाठवला. काही वहिनीमंडळी अजून रुसून आहेत, म्हणून हा खुलासा.

इथे पूर्व अमेरिकेत ब्लॅक वॉलनट, म्हणजे काळा अक्रोड, सर्रास उगवतो. त्याचा ताजा भुसा घोड्याच्या बिछान्यात पाचवा हिस्सा जरी असला, तरी त्यावर नुसते उभे राहून घोडे अर्ध्या-एक दिवसात लंगडू लागतात. पाय सुजतात, खूर गरम लागतात. खुराची भिंत आतल्या हाडाला ज्या पापुद्र्यांनी धरून ठेवते, तेच सुजतात. सूज वाढली तर हाड जागचे सरकते आणि घोडा कायमचा अधू होतो. उघड्यावरच्या जाड ढलप्यांत धोका भुशाइतका नसेलही, पण तो प्रयोग मुलींच्या लाडक्या घोड्यांवर कशाला?

यातली रसायनाची गंमत अशी. अक्रोडाखाली आपले टोमॅटो मरतात ते जग्लोनमुळे, त्यामुळे संशय आधी त्याच्यावरच गेला. पण नुसते जग्लोन दिल्यावर घोड्यांना हा आजार झाला नाही. लाकूड पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काने मात्र होतो. खरा गुन्हेगार अजून नक्की सापडलेला नाही. म्हणजे "नमुना द्या, तपासून सांगते" असे मलाही म्हणता येत नाही!

शिवाय ढलप्यांत पाने येतात. रेड मेपलची सुकलेली पाने पोटात गेली तर घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, रानचेरीच्या कोमेजलेल्या पानांतून सायनाइड सुटते, आणि कुंपणाच्या यूची थोडी छाटणीही जीव घेते. जुन्या डेकच्या फळ्या तर नकोतच. २००३ अखेरपर्यंत घरगुती लाकडात आर्सेनिक मुरवत असत.

आता नुसत्या पाइनच्या ढलप्या विकत आणल्या आहेत. खाली खडी घातली, म्हणजे पाणी निचरेल. कुजल्या की खरवडून नव्या घालाव्या लागतील. त्यांच्यावर गवत मात्र टाकू नका, घोडा गवताबरोबर ढलप्याही चघळतो.

रविवारी दहाला पसरायच्या आहेत. फावडी आणा. चहा आमच्याकडून, रुसलेल्या वहिनींना आधी.