काळोख जपायला हवा

दुर्बीण मोठी असली की आकाशातले सगळे काही दिसते, असे पुष्कळांना वाटते. मला हे पटत नाही. दूरच्या दीर्घिका पाहायला दुर्बिणीइतकाच काळोखही लागतो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. उर्दूत आपण जिला कहकशां म्हणतो, ती आकाशगंगा ही आपली दीर्घिका. १५ सेंटिमीटर आरशाच्या साध्या दुर्बिणीतून सप्तर्षीच्या बाजूला एम ८१ व एम ८२ या दोन दीर्घिका दिसतात. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षे लागतात. त्या चित्रातल्यासारख्या रंगीत नसतात. धुक्याच्या फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. मग ठिपक्याकडे रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे तो अधिक स्पष्ट होतो. कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी नसतात.

शहरात मात्र दिव्यांचा उजेड आकाशात पसरतो आणि हे फिकट ठिपके त्यात बुडून जातात. दुर्बीण मोठी घेतली, तर दीर्घिकेच्या प्रकाशाबरोबर तो उजेडही अधिक गोळा होतो.

इराणी खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी सुमारे ९६४ साली लिहिलेल्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातील ढगासारख्या एका लहान डागाची नोंद केली. त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती. काळोखी रात्र होती. तो डाग म्हणजे आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी विसाव्या शतकात दाखवून दिले.

मग दिवे नकोत का? हवेत. रात्री घरी परतणाऱ्याला उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडावा, आकाशात नव्हे. दिव्यावर झाकण बसवावे, गरज नसेल तेव्हा तो विझवावा. त्यात वीजही वाचेल. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या काळोख्या आकाशाला २०२४ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पण काळोख फक्त जंगलातच का उरावा?

पाणी आणि झाडे यांप्रमाणे काळोखी रात्रही सर्वांची ठेव आहे. कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश आपल्या गच्चीवरच्या दिव्यामुळे हरवू नये. आज रात्री आपल्या दारातला दिवा कोठे उजेड पाडतो, ते जरूर पाहा.