मुकुट भाड्याने का आणावा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातील एका शाळेने स्नेहसंमेलनासाठी ‘संगीत शाकुंतल’मधील काही प्रवेश बसवायचे ठरवले आणि मराठीचे अध्यापक म्हणून आम्हा तिघांना तालमींना बोलावले. पदे बसली, मुलींचे सूर जुळले. मग वेशभूषेच्या दुकानाचे दरपत्रक आले. मुकुट, धनुष्य, घागरी, पोशाख यांचे भाडे प्रत्येक मुलामागे आठशे रुपये. दुसऱ्या दिवशी आश्रमकन्यांपैकी दोघी तालमीला आल्या नाहीत. त्यांतल्या एकीचा गळा सगळ्यांत चांगला होता. त्यांना कोणी वगळले नव्हते. घरी विचारण्याचा धीरच त्यांना झाला नव्हता.

नाटकवाले अशा वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ आम्हाला त्या दिवशी प्रथमच टोचला. भाड्याची यादी रद्द करावी आणि लागेल ते सगळे कार्यानुभवाच्या तासाला मुलांनीच करावे, असे आम्ही सुचवले. मुख्याध्यापकांनी ते मान्य केले, मात्र ‘निदान बरे दिसले पाहिजे’ असे बजावून. या लेखात आम्हाला जे म्हणायचे आहे ते त्या ‘बरे दिसण्या’विषयी आहे.

स्वस्त वस्तू ही नाईलाजाची तडजोड असते, असे आपण गृहीत धरतो. नाट्यशास्त्र तसे धरत नाही. आहार्य अभिनयाच्या विवेचनात भरताने ‘पुस्त’ म्हणजे रंगभूमीसाठी घडवलेल्या कृत्रिम वस्तूंचे तीन प्रकार सांगितले आहेत : जोडून केलेले संधिम, यांत्रिक युक्तीने हलणारे व्याजिम आणि गुंडाळून केलेले वेष्टिम. त्यांसाठी बांबू, चटई, कापड, कातडे, लाख असली हलकी द्रव्ये तो सुचवतो. कारणही व्यवहारी आहे : जड वस्तूंनी नट दमतो. संगीत नाटकात तर हे अधिकच खरे. भाड्याच्या पत्र्याच्या मुकुटाने मान वाकते आणि वाकलेल्या मानेतून तान निघत नाही. खऱ्या घागरी एकमेकींवर आपटल्या की पदाचा मुखडा बुडतो. राक्षसाचा पूर्ण मुखवटा असेल तर शब्द आतच घुमतात. म्हणून गाणाऱ्या पात्राचा मुखवटा नाकापर्यंतच हवा.

आमच्या घागरी अशा झाल्या. फुगा फुगवून त्यावर कणकेच्या खळीने रद्दीच्या पट्ट्या चिकटवल्या. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा जुन्या वहीच्या कागदाचा. म्हणजे कुठे थर राहिला ते लगेच कळते. चार थर झाल्यावर दोन दिवस उन्हात वाळवल्या. फुगा फोडला, पुठ्ठ्याचा काठ जोडला, वर गेरू. खळीला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तीत मोरचूद घालतात; तो विषारी, म्हणून आम्ही टाळला आणि रोज ताजी खळ शिजवली. मुकुटासाठी किराणा दुकानातले खोके कापले, त्यावर सुतळीची नक्षी चिकटवून वरून बेगड दाबून बसवली. धनुष्य बांबूच्या कांबीचे, दोरी मुद्दाम सैल. सारा खर्च पाचशे रुपयांच्या आत, म्हणजे एका मुलाच्या भाड्याहूनही कमी.

पण खरा लाभ वेगळाच होता. कालिदासाच्या रंगसूचनांत झाडांना पाणी घालण्याचा अभिनय करायला सांगितले आहे, पाणी घालायला नव्हे. वर्गात हा भेद आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आणि विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत लिहीत आले. येथे आठवीतल्या एका मुलीने रिकामी कागदी घागर कमरेवर घेतली आणि आपणहून किंचित तिरकी झाली. वजन घागरीत नव्हते, तिने ते आणले. शकुंतलेच्या अंगठीचेही तेच. तारेत लाल मणी ओवून आम्ही ती केली. तिसऱ्या रांगेतूनही ती दिसेना. प्रेक्षकांना दिसले ते शकुंतलेचे रिकामे बोट चाचपडणे. कोकणातल्या दशावतारात एकच लाकडी बाकडे राजाचे सिंहासनही होते. नाट्यसंकेत यालाच म्हणतात, आणि तो व्याख्येपेक्षा हाताला आधी कळतो.

आमच्या रंगभूमीला भपक्याचीही परंपरा आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. गंधर्व नाटक मंडळीचे भरजरी शालू आणि अत्तरे यांच्या आठवणी कोणाला मोहवत नाहीत? परंतु ते वैभव व्यावसायिक मंडळीचे होते आणि त्याचे कर्जही तिनेच सोसले. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, त्या नाटकाचा वारसा शाळेने पदांतून आणि भाषेतून घ्यावा; तो दुकानाच्या पावतीतून येत नाही. ‘हाताने केलेले’ म्हणून पालकांकडून घरी करवून घेणे, किंवा तयार प्रकल्प विकत आणणे, हाही भाड्याचाच प्रकार. वस्तू शाळेत, शाळेच्या वेळात आणि ती वापरणाऱ्या मुलांनीच करावी.

गळा चांगला असलेली ती मुलगी तिसऱ्या दिवशी परत आली. गायला नव्हे, पट्ट्या फाडायला. गाणे पुढच्या आठवड्यात सुरू झाले. दुसरी आली नाही. तिच्या वाटची घागर आम्ही केली होती, ती शाळेच्या कपाटावर तशीच आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पात्रयोजनेच्या आधीच, कोणाकडूनही पैसे मागितले जाणार नाहीत असे शाळेने जाहीर करावे. उपाय नंतर सापडला, तर तो सगळ्यांपर्यंत पोचत नाही.